मिसेस हॉब्सच्या चिठ्ठ्या

सोळाव्या वर्षी मी एका साठीच्या मडमेला जन्म दिला आणि सतराव्या वर्षी तिला मारून टाकलं. दोन्ही कामं मी एकटीनं, कुणालाही न विचारता उरकली. आज माझी नात म्हणते, आजी, तू लहानपणी फार साधी असशील. मी नुसती मान हलवते. साधी कसली, अट्टल बिलंदर होते, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या बिलंदरपणालाच हुशारी समजत होते. दोन वेण्या, त्यांना तेल इतकं चोपडलेलं की मानेवर ओघळ यायचे, आणि डोक्यात हवा अशी की आपल्याइतकं इंग्रजी अख्ख्या मुकुंदवाडीत कुणाला येत नाही. ते जवळजवळ खरंही होतं. मुकुंदवाडीत तेव्हा इंग्रजी येणारी माणसं दोनच, एक मी आणि दुसरे साळवे सर. सरांना मी हिशेबात धरत नव्हते, इतकंच. माझं सगळं इंग्रजी मी त्यांच्याकडूनच उचललेलं होतं ही किरकोळ गोष्ट मला तेव्हा सुचत नसे.

मुकुंदवाडी तेव्हा शहरात नव्हती, आणि शहराला आम्ही औरंगाबादच म्हणायचो. आमचं घर शेतकऱ्याचं. दोन म्हशी, ओसरीत ज्वारीची पोती, आणि वडील, म्हणजे अण्णा, शेती सांभाळून कचेरीत कारकून. अण्णांचं शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झालेलं. अर्ज असा लिहायचे की वाचणाऱ्यानं वाहवा म्हणावं, पण इंग्रजीचा कागद समोर आला की त्यांना घाम फुटायचा, आणि त्या घामापायी त्यांची बढती दोनदा हुकली होती. म्हणून पोरीला इंग्रजी आलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. साळवे सर आमच्या शाळेत शिकवायचे आणि रुळांच्या पलीकडं बौद्धवाड्यात राहायचे. अण्णांनी त्यांच्या घरी शिकवणी ठरवली. आई पहिल्या दिवशी माझी वेणी घालताना आरशाकडं बघत म्हणाली, शीक हवं तेवढं, पण तिथं पाण्याला शिवू नको. मी आईची आज्ञा पाळली. पाण्याला शिवले नाही, सरळ भाकरीलाच शिवले. सरांच्या मंडळी, त्यांना मी काकू म्हणायचे, चुलीपुढं बसून भाकरी थापायच्या, आणि त्या थप थप आवाजावर सर क्रियापदं म्हणून घ्यायचे. येसर आमटीचा वास घरभर सुटलेला असे, अशी तिखट की माझं नाक वाहायचं आणि मी तरी आणखी मागायचे. घरी जाताना तोंड पदरानं खसाखसा पुसायचं, आणि आईनं विचारलं की छातीठोकपणे सांगायचं, काही नाही खाल्लं. त्या घरासाठी मी माझ्या घरी खोटं बोलायला शिकले. मग तीच विद्या उलटी वापरायला मला फार दिवस लागले नाहीत.

सरांच्या घरात सामान थोडं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि एका फळीवर ओळीनं बिस्किटांचे पत्र्याचे डबे. रेल्वे गेली की ते सगळे डबे एकदम किणकिणायचे आणि सर बोलता बोलता थांबून ते थांबण्याची वाट बघायचे. त्या डब्यांत चिठ्ठ्या होत्या. सर तरुणपणी शहरातल्या एका हॉटेलात साहेब लोकांच्या टेबलावर वाढायला होते, तेव्हापासून त्यांनी त्या जमवलेल्या. जुन्या लग्नपत्रिका, तपासून झालेले पेपर, जे काही एका बाजूनं कोरं मिळेल त्याच्या पट्ट्या कापायच्या आणि प्रत्येक पट्टीवर एक वाक्य लिहायचं. वाक्याखाली तीन गोष्टी: कोण बोललं, कुणाला बोललं, कुठं बोललं. नियम एकच, आणि तो मोडला तर सर कान पिळायचे. पुस्तकातलं वाक्य चालणार नाही. जिवंत माणसाच्या तोंडून, आपल्या कानानं ऐकलेलंच पाहिजे.

हे कशासाठी, ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. आपलं 'लागणे' बघ, म्हणाले. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, नजर लागते, एखाद्याचा लळा लागतो. परक्या माणसाला तू याचा एक अर्थ सांगू शकशील का? मी थोडा विचार करून नाही म्हणाले. मग म्हणाले, इंग्रजीत तसंच आहे, फक्त तिथं क्रियापदाच्या मागं एक चिमूटभर शब्द येऊन बसतो, आणि तो बसला की क्रियापदाचं घराणंच बदलतं. 'पुट' म्हणजे ठेवणं, हे कुणीही सांगेल. पण 'पुट ऑफ' म्हटलं की काम पुढं ढकललं, 'पुट अप विथ' म्हटलं की निमूट सोसलं. शाळेच्या पुस्तकात सोसण्याला भारदस्त शब्द दिलेला असायचा, आणि पोरं तोच पाठ करायची. 'पण मी सात वर्षं साहेबांच्या मागं उभा होतो,' सर म्हणायचे, 'तो शब्द एकाही तोंडून ऐकला नाही. सगळे पुट अप विथच करत होते.' मराठी पोरांसाठी अशा बोलत्या इंग्रजीचं पुस्तक करायचं, हा त्यांचा ध्यास. 'गेट'चा डबा सगळ्यात मोठा, त्यात 'गेट अप'पासून 'गेट अवे विथ'पर्यंत, म्हणजे उठण्यापासून चोरी पचवण्यापर्यंत सगळं. 'गेट' हे सरांचं लाडकं क्रियापद होतं. म्हणायचे, हा गडी कुणाच्याही घरी राहतो.

पण त्या डब्यांत एक उणीव होती, आणि ती सरांनीच मला दाखवली. एका दुपारी त्यांनी जुन्या चिठ्ठ्यांची गड्डी माझ्यापुढं ठेवली आणि मोठ्यानं वाच म्हणाले. मी वाचत गेले. टेक इट अवे. क्लीन इट अप. हरी अप. शट अप. गेट आउट. खाली सगळीकडं तेच: कोण बोललं, साहेब, कुणाला बोललं, मला, कुठं, हॉटेलात. वाचता वाचता मला हसू आलं, कारण मी सोळा वर्षांची होते आणि कुणी कुणाला शट अप म्हणणं हा मला विनोद वाटत होता. सर हसले नाहीत.

'हे सगळे हुकूम आहेत, शकुंतला,' ते म्हणाले. 'इंग्रज माणूस घरात कसा बोलतो, आपल्या माणसाशी कसा बोलतो, ते मला कधी ऐकायलाच मिळालं नाही. पुस्तकात नुसते हुकूम कसे घालू?'

मी लगेच छाती पुढं काढली. माझी आत्या पडेगावला राहायची आणि दर रविवारी मी तिच्याकडं जायचे. बस छावणीतून जायची, आणि छावणीत तेव्हा काही गोऱ्या, काही अर्ध्या गोऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरं उरली होती. त्यांचं बोलणं मी आणते, म्हणाले. आणि सांगायला बरं वाटतं, पहिले दोन-तीन महिने मी खरंच आणलं. मधेच छावणीत उतरायचे, बेकरीच्या दारात पाव घेण्याच्या निमित्तानं रेंगाळायचे, आणि पुढच्या बसनं पडेगाव गाठायचे. तिथं एक टक्कल पडलेला म्हातारा बेकरीवाल्याला म्हणाला होता, वी हॅव रन आउट ऑफ बटर, म्हणजे घरातलं लोणी संपलंय. एक आई पोराला म्हणाली, पुट युवर शूज ऑन. मी ते तळहातावर शाईनं लिहून आणायचे. सर ते वाचून इतके खूश व्हायचे की काकूंना हाक मारून दाखवायचे. काकूंना अक्षर ओळखता येत नव्हतं, पण चिठ्ठी हातात धरून त्या म्हणायच्या, झ्याक हाय.

मग एका रविवारी बेकरी बंद होती. पुढच्या रविवारी आत्याचा दीर बसमध्ये भेटला, त्याच्यासमोर उतरता येईना. त्याच्या पुढच्या वेळी मला कंटाळा आला. घरच्यांच्या धाकापायी उतरता आलं नाही, असं कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःला देत होते, पण या वयात खोटं बोलायची हौस राहिली नाही. कंटाळा आला, एवढंच. आणि रिकाम्या हातानं जायची लाज वाटली, कारण सरांच्या तोंडून स्तुती ऐकायची मला चटक लागली होती. अण्णांनी रद्दीतून आणलेलं एक फाटकं इंग्रजी मासिक घरी होतं, त्यात बायकांच्या गोष्टी होत्या. त्यातली दोन वाक्यं मी उचलली. आता बोलणारं माणूस पाहिजे होतं. बसच्या खिडकीतून मी एकदा एका गोऱ्या म्हातारीला पांढरी छत्री घेऊन फाटकातून आत जाताना पाहिलं होतं. दिसली ती तेवढीच. मी तिला नाव दिलं मिसेस हॉब्स, नवरा मेलेला दिला, एक लंगडं कुत्रं दिलं, आणि चिठ्ठीखाली लिहिलं: मिसेस हॉब्स, मला, तिच्या व्हरांड्यात.

मासिकात गोष्टी पुष्कळ होत्या, त्यामुळं मिसेस हॉब्स फार बोलू लागली. आणि बोलायची मोठी गोड. कम इन आउट ऑफ द सन, उन्हातून आत ये. यू लुक वोर्न आउट, किती दमून गेलीस. नवऱ्याबद्दल म्हणायची, आय नेव्हर गॉट ओव्हर इट, त्या दुःखातून मी काही बाहेर आले नाही. आणि वर म्हणायची, बट वन गेट्स बाय, भागवतो झालं माणूस कसंतरी. खऱ्या चिठ्ठ्या आणि या चिठ्ठ्या मी एकाच शाईनं लिहायचे, मधेच एखादी खरी यायची, मधेच चार खोट्या. सरांचे डबे बदलत गेले. हुकमांच्या गड्ड्या मागं गेल्या आणि मिसेस हॉब्स पुढं आली. सर तिच्याबद्दल विचारायचे. कुत्र्याचा पाय बरा झाला का, एकटी राहते तर स्वयंपाक कोण करतं. मी उत्तरं द्यायचे, न अडखळता. एकदा मी चिठ्ठी नेली, ड्रॉप इन एनी टाइम. सरांनी ती वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला. हे बोलावणं आहे, म्हणाले, सहज कधीही ये, असं. मग बराच वेळ ती चिठ्ठी बोटांत फिरवत राहिले आणि अगदी हळू म्हणाले, इतकी वर्षं त्यांच्यात राहिलो, हे मला कुणी म्हणालं नाही. मला तेव्हा काय वाटावं? मला अभिमान वाटला. पोरी, तुझी चिठ्ठी किती सुंदर जमली, असं मीच मला म्हटलं. त्या मुलीला आज समोर धरून बसवावं आणि तिच्या त्या तेलकट वेण्या ओढाव्यात, असं मला कितीदा वाटतं.

पुढच्या वर्षी पुस्तक हातानं लिहून पुरं झालं. शहरातल्या कॉलेजात इंग्रजीचे एक प्राध्यापक होते, त्यांनी ते पाहिलं, आवडलं म्हणाले, छापण्यासाठी शब्द टाकतो म्हणाले. सरांना त्या दिवशी इतका आनंद झालेला की त्यांनी काकूंना गुळाच्या पोळ्या करायला लावल्या. पोळी खाता खाताच ते म्हणाले, एक काम राहिलं. ज्यांची वाक्यं पुस्तकात जास्त आहेत त्यांची परवानगी घेतली पाहिजे, आणि मिसेस हॉब्सची तर निम्मी पानं आहेत. दिवस सीताफळांचे होते. काकूंनी मडमेसाठी टोपलीत निवडक सीताफळं पेंढ्यात घालून ठेवली होती. येत्या रविवारी तू मला तिच्या घरी घेऊन चल, सर म्हणाले, मी कोट इस्त्रीला दिलाय.

पोळीचा घास माझ्या तोंडातच होता. तेव्हा बोलले असते तर चार शिव्या बसल्या असत्या, दोन दिवस सर बोलले नसते आणि प्रकरण मिटलं असतं. पण माझी हुशारी आडवी आली. मी घास गिळला, मान खाली घातली आणि म्हणाले, सर, तुम्हाला सांगायचंच राहिलं, ती वारली. सरांच्या हातातला घास ताटात परत गेला. कधी, म्हणाले. मी म्हणाले, गेल्या आठवड्यात. काकू पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, एकटीच व्हती बिचारी. आणि मी काय केलं ठाऊक आहे? मीही रडले. खरंखुरं रडले. दीड वर्षं पोसलेली बाई होती, मला खरंच वाईट वाटलं. सरांनी त्या दिवशी शिकवलं नाही. मी निघाले तेव्हा ते पुस्तकाच्या पहिल्या पानावर काहीतरी लिहीत होते. ती अर्पणपत्रिका होती, हे मला पुढच्या खेपेला कळलं.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा फळीवरचे डबे खाली चटईवर आले होते. सर त्यांच्या मधोमध बसलेले, मांडीवर पुस्तकाचं पहिलं पान, त्यावर मिसेस हॉब्सच्या नावाची अर्पणपत्रिका. कोट खुंटीला, त्याच्या बाह्यांना लाल माती. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, बाईंचं दफन कुठं झालं. मी क्षणभरही थांबले नाही. पुण्याला, म्हणाले, तिचा भाऊ घेऊन गेला. सरांनी मान हलवली. चुलीपुढं काकूंच्या भाकरीचा आवाज थांबला होता.

'मी रविवारी गेलो होतो,' सर म्हणाले. 'फुलं घेऊन. दफनभूमीतल्या रखवालदारानं सगळ्या नव्या कबरी दाखवल्या. मग चर्चमधल्या पाद्र्यांना विचारलं. मग घरोघर विचारलं.' त्यांनी एका डब्याचं झाकण लावलं. 'लोक चांगले आहेत. दोघातिघांनी आत बोलावलं, पाणी दिलं.'

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, मला रडून पाया पडता आलं असतं. ते नुसते त्या डब्यांकडं बघत होते. मी उठले, वही-दप्तर उचललं. काकू म्हणाल्या, जेवून जा. मी चपला हातात घेऊनच दाराबाहेर पडले. मागून सर म्हणाले, परवा ये. मला वाटलं, शिक्षा आता परवा आहे.

मी परवा गेले नाही, तेरवाही गेले नाही. घरी सांगितलं, शिकवणी संपली. आईच्या चेहऱ्यावर जी सुटल्याची कळा आली ती मी पाहिली आणि तिचा फायदा घेतला. घरच्यांमुळं बंद झालं असं रुळांपलीकडं वाटलं तर वाटू दे, आपली चोरी झाकली जाते, इतका नीचपणा माझ्या डोक्यात स्पष्ट आला होता. शाळेत सर दुसऱ्या तुकडीला शिकवायचे, माझ्या तुकडीला नाही, त्यामुळं त्यांना टाळणं सोपं होतं. एकदा ते समोरून येताना दिसले तर मी पाण्याच्या टाकीमागं उभी राहिले, ते जाईपर्यंत. ते टाकीपाशी थोडे थांबले होते, मग गेले. मॅट्रिकला इंग्रजीत मी शाळेत पहिली आले. अण्णांनी पेढे वाटले, आणि रुळांपलीकडं पुडा पाठवायचा का, असं विचारलं. मी म्हणाले, ते गोड खात नाहीत. वर्षभरात माझं लग्न झालं आणि मी लासूर स्टेशनला गेले. पुस्तक छापून आल्याचं कधी ऐकलं नाही. शहरात आले की पुस्तकांच्या दुकानात मी उगीच विचारायचे, आणि नाही म्हटलं की माझा जीव भांड्यात पडायचा, आणि त्याच वेळी कुठंतरी तुटायचंही.

आता माझी नात दिवसभर फोनवर असते. आजी, नंतर कॅच अप करू, म्हणते. मला लगेच वाटतं, पट्टी कापावी, लिहावं: कोण बोललं, नात, कुणाला, मला, कुठं, स्वयंपाकघराच्या दारात. तिच्या फोनमध्ये म्हणे असल्या शब्दांच्या लाखो ओळी आहेत, कुठलाही शब्द टाकला की खऱ्या माणसांनी तो कसा वापरला ते दाखवतो. मी एकदा तिला 'ड्रॉप इन' टाकायला लावलं. भराभर वाक्यं आली, मिसेस हॉब्सच्या तोंडची वाटावीत अशी. नात म्हणाली, काय झालं आजी, डोळ्यांत काय गेलं? मी म्हणाले, कांदा. कांदा चिरलाच नव्हता.

सर गेल्याचं मला उशिरा कळलं. माझी दोन मुलं शाळेत जायला लागली होती तेव्हा. मी माहेरी आले, रूळ ओलांडले. वाड्यात पक्की घरं झाली होती, सरांचं घर तसंच होतं. काकू उंबऱ्यात बसल्या होत्या, केस सगळे पांढरे. त्यांनी मला ओळखलं, आत बोलावलं, चहा टाकला. मी पाणी मागितलं आणि तांब्याभर प्यायले. मग सगळं एकदम बोलून टाकलं, मडम, छत्री, मासिक, सगळं. मी म्हणाले, काकू, सर माझ्यावर रागातच गेले असतील. काकूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहिते, कोण बोललं, कुणाला, कुठं, हे सगळं आलंच वर.

'राग कशाचा गं, बाय. छावणीतून आले त्या दिशी जेवले नाय, पण राग नव्हता. म्हणले, लेकराला वाटलं, मला गोड बोलणं ऐकवावं. पण यातलं खरं कंचं अन् खोटं कंचं, ते तिला एकटीलाच ठावं. समदंच टाकलं तर तिनं खरं आणलेलं बी वाया जातंय. ती आली म्हंजी दोघं बसून निवडू, मग देऊ छापायला. म्या म्हणलं, तिच्या घरच्यांनी बंद केलं असंल आपल्याकडं येणं. तर म्हणले, नाय, ती लाजलीया, येईल. प्रोफेसर दोनदा येऊन गेले, त्यान्ला म्हणले, थोडं थांबा, पोरगी यायची हाय. लई वाट पाहिली तुझी. एका दुपारचं काम व्हतं, बाय.'